लाल दोऱ्याचा दुधी

रविवार, ६ एप्रिल

आई,

मागच्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे. ते आधी दुरूस्त करते, बाकीचं नंतर.

मी लिहिलं होतं, 'टाकीजवळ दुधीचा एक वेल आपोआप आला आहे, पाहुणा.' तो पाहुणा नाही. तो मी पेरला. जानेवारीत तू पाठवलेल्या पुडीतल्या बिया होत्या. पुडीवर तुझ्या अक्षरात 'दुधी' एवढा एकच शब्द होता. तू घर सोडून दादाकडे गेल्यापासून मला तुझ्याकडून आलेला तो पहिला शब्द. तो मी फेकून देईन किंवा विसरून जाईन, असं तुला वाटलं असेल तर तेही दुरूस्त कर.

मग पाहुणा का म्हटलं? कारण त्या वेलाचं पहिलं फळ कडू निघालं. नुसतं कडवट नाही, कडूजहर. आपल्या घरात न पेरता उगवलेल्या रोपाला पाहुणा म्हणायचं, फळ धरेपर्यंत त्याला उपटायचं नाही, आणि फळ वाईट निघालं तर दोष कुणाचाच नाही, हा तुझा नियम. मी त्या नियमाच्या आडोशाला गेले. तुझ्या बियाण्याचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही, इतकंच. तेव्हा मला वाटत होतं की ह्याने कुणाचं काही बिघडत नाही.

शुक्रवारी वहिनीशी बोलणं झालं आणि कळलं की बिघडतं. ती सहज म्हणाली, "आईंनी बाल्कनीतल्या ड्रममध्ये तोच दुधी लावलाय. चांगली वीतभर फळं लटकलीत." मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की त्या वेलाचं फळ चिरलं की आधी एक फोड कच्ची चाखायची, कडू लागली तर थुंकायची आणि सगळंच्या सगळं फळ टाकायचं. शिजवून, साखर घालून, काही करून ते खायचं नाही. कडू दुधीने माणूस चांगलंच आजारी पडतं. वहिनी म्हणाली, "सांगते मी. पण वन्सं, स्वयंपाकघर आईंचं आहे. तिथे मीच पाहुणी." म्हणून हे पत्र. फोनवर तू येत नाहीस. पत्र मात्र तू वाचतेस, हे मला माहीत आहे. कसं ते सांगणार नाही.

पहिल्या फळाची गोष्ट सांगते. त्या दिवशी दोन दुधी काढले होते. एक मला, एक पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. सबंध महिना त्या शिवणाच्या खिडकीतून त्या दुधीवर नजर ठेवून होत्या. मी माझा चिरला, फोड तोंडात टाकली आणि तशीच अनवाणी जिना चढून वर धावले. त्यांनी साल काढून झालं होतं.

"अहो, करू नका तो. कडू आहे."

"किती कडू? घालीन की चमचाभर साखर."

"चाखा आणि लगेच थुंका."

त्यांनी चाखला. मोरीकडे गेल्या, चूळ भरली, परत आल्या. "कात्री चावल्यासारखं झालं गं," म्हणाल्या. मग त्या गुळगुळीत, पोपटी, एका रेषेत वाढलेल्या दुधीकडे बघत राहिल्या. "एवढा देखणा आणि आतून हा असा. आमच्या थोरल्या जावयासारखा."

बाकी सगळं छान आहे. टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली ती बोळवजा जागा आता तुला ओळखू येणार नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरची आहे, भिंतीच्या कडेने पालक आणि कांद्याची पात, आणि टोमॅटो तर इतके आलेत की मी छापखान्यात डबा भरून नेते. मालक म्हणतात, "तुम्ही प्रूफं तपासता की शेती करता?" मी म्हटलं, दोन्हीकडे तणच काढते.

तुझा वेल फळाला आलाय. चाखल्याशिवाय चिरलेलं काही पातेल्यात जाऊ देऊ नकोस.

बारकी


बुधवार, १६ एप्रिल

आई,

माझं पत्र मला परत मिळालं. न वाचताच परत पाठवलंस असं वाटलं. मग लाल पेनाच्या खुणा दिसल्या आणि मी जिन्यातच खाली बसले आणि हसत सुटले. शिंपीणबाईंनी वरून विचारलं, "बरी आहेस ना?"

'दुरुस्त' हा शब्दच मी चुकीचा लिहिला होता. रू दीर्घ. तोही दोनदा. दिवसभर लोकांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईने. दम्यामुळे चौथीपर्यंत तू मला शाळेत घातलंच नाहीस, ह्याच जागेत ओल्या मातीवर काडीने अक्षरं गिरवून घेतलीस. ते शिकवणं अजून संपलेलं नाही असं दिसतं. मला चालेल. दर पत्राला असं परत पाठवलंस तरी चालेल.

खाली तू लिहिलंस, 'पाणी अनियमित दिलंस, म्हणून कडू. माझा गोड आहे. मी स्वतः कच्चा चाखला.'

आई, मी ते मनावर घेतलं. पत्र मिळाल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मोजून पाणी दिलं, मुळाशी सुक्या पानांचा थर घातला. नुकतंच धरलेलं एक फळ कोवळं असतानाच काढलं. तरी कडू. माझ्या जिभेवर विश्वास नको म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या वाद्यवाल्या काकांना बोलावलं. ते तंतुवाद्यं दुरुस्त करतात, आठवत असेल; चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधणारे. त्यांनी फोड चाखली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा तर माझा."

"तुमचा कसा?"

"अगं, गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर मी वाद्याचा भोपळा लावला होता ना. सुकवून त्याची कवटी वाद्याला लावायची होती. ती जात खायची नाही, कडूच असते. चव हीच." मग थोडं ओशाळून म्हणाले, "माझी कवटी तडकली, वाद्य काही झालं नाही. तुमची भाजी मात्र बेसूर करून ठेवली."

तिथे मला सगळा उलगडा झाला, आणि तुलाही होईल, कारण हे तूच मला शिकवलेलं आहे. दुधी संध्याकाळी फुलतो. पतंग गच्चीवरच्या फुलावरून खालच्या फुलावर येतात, मजले मोजत बसत नाहीत. म्हणूनच बियाण्यासाठी ठेवायच्या मादी फुलाला तू आदल्या दिवशीच कापडाची टोपी घालायचीस, संध्याकाळी आपल्याच वेलाचं नर फूल त्यावर फिरवायचीस, पुन्हा टोपी घालायचीस, आणि फळ धरलं की देठाला लाल दोरा.

आता गेल्या उन्हाळ्यातला दोरा आठव. तू तापाने पडली होतीस. उठून बसवेना, तरी एका दुपारी भिंतीला धरून बागेत गेलीस आणि एका फळाला दोरा बांधून आलीस. मी तो दोरा बघितला आणि समजले की ह्याला टोपी घालून झालेली आहे. तू दोरा बांधलास कारण ते फळ सगळ्यांत चांगलं होतं, आणि टोपीचं काम मी केलं असणार असं तू धरून चाललीस. बरोबर ना? तुझ्या लेखी लाल दोरा म्हणजे 'हे बियाण्याला ठेवायचं.' माझ्या लेखी लाल दोरा म्हणजे 'ह्याला टोपी घातलेली आहे.' इतकी वर्षं ह्या दोन गोष्टी नेहमी एकाच फळाच्या बाबतीत खऱ्या असायच्या, त्यामुळे आपले अर्थ वेगळे आहेत हे आपल्याला कधी कळलंच नाही.

त्या वेलाची बाकीची फळं आपण खाल्ली, ती गोड होती. असणारच. कडूपणा फळात नव्हता, दोऱ्याच्या फळातल्या बियांत शिरला होता. त्या बिया तू घेऊन गेलीस, आणि त्यातल्याच थोड्या मला पाठवल्यास. म्हणजे चूक पाण्याची नाही, आणि तुझीही नाही. एका खुणेचे दोन अर्थ झाले. छापखान्यात हे रोज घडतं.

आज कामावर जाण्याआधी मी वेल उपटला. काका आणि शिंपीणबाई मदतीला होत्या. टाकीची भिंत एकदम उघडी पडली, सगळ्यांना चुकचुकल्यासारखं झालं. त्या जागी घेवडा टोकला आहे.

एक गोष्ट मान्य करते. प्रत्येक बी वेगळी असते. तुझ्या ड्रमातल्या वेलाला गोड फळ आलं असणं अगदीच अशक्य नाही. पण मी चाखलेली सगळी कडू होती, म्हणून तुझं फळ घरातल्या आणखी एखाद्या माणसाला चाखायला दे. माझ्या समाधानासाठी.

बारकी


रविवार, २७ एप्रिल

आई,

हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. तरी कुठे शब्द जड पडला तर लाल पेन तुझ्याकडे आहेच.

काल वहिनीचा फोन आला. ती घरातून बोलत नव्हती, जिन्यातून बोलत होती. सुरुवातीला आवाज इतका बारीक होता की मला वाटलं फोन बिघडला.

"वन्सं, तो दुधी कडू आहे."

"तू चाखलास?"

"मी चाखला, तुमच्या दादांनी तर दोन घास मुकाट्याने गिळले आणि दिवसभर पोट धरून बसले. विचारलं तर म्हणतात, बाहेरचं खाल्लं. कसलं बाहेरचं? त्या दिवशी सुट्टी होती, उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी."

"आणि आई?"

"आई जेवल्या. म्हणाल्या, कसा साखरेसारखा आहे."

"तिला काही झालं नाही?"

"झालं. संध्याकाळी उलटी झाली. पित्त म्हणाल्या आणि पडून राहिल्या." मग वहिनी म्हणाली, "भिंगरीने पहिला घास थुंकला. आई तिला रागावल्या. म्हणाल्या, आईबापाने लाडावून ठेवलंय, आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही. पोरगी रडत होती आणि आम्ही दोघं मोठी माणसं खाली मान घालून बसलो होतो. वन्सं, मी दिवसभर कामावर असते. दुपारी त्या दोघीच घरात असतात."

आई, मी भिंगरीची आत्या आहे. ती पाच वर्षांची आहे. तिने थुंकला ते बरोबर केलं. त्या घरात त्या दिवशी बरोबर वागलेली ती एकटी आहे.

मी वहिनीला दोऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, बियाणं बिघडलंय, त्या वेलाचं एकही फळ आता घरात चिरायचं नाही, माझं नाव सांग. ती ते करेल. पण तेवढ्याने माझं काम होत नाही. तू खोटं बोलत नाहीस. आयुष्यात तू मला एकदाही खोटं सांगितलेलं नाहीस, औषध कडू आहे हेसुद्धा आधी सांगून मग पाजायचीस. तू 'गोड आहे' लिहिलंस म्हणजे तुला तो गोड लागला. किंवा निदान कडू लागला नाही.

काल रात्रभर मी विचार केला नाही, मी झोपले. सकाळी टोमॅटोची पानं खुडताना ते लक्षात आलं. तू टोमॅटोला हात लावलास की हाताचा वास घ्यायचीस. नेहमी. मलाही हुंगायला लावायचीस, म्हणायचीस, "हा वास दुकानात मिळत नाही." तापातून उठल्यावर तू बागेत पुन्हा यायला लागलीस, पण हात हुंगला नाहीस. सरळ नळाखाली धरायचीस. मी ते बघितलं होतं. बघूनही त्यातून काही काढलं नाही.

आणि त्यानंतर मिठाचं सुरू झालं. कधी खारट, कधी अळणी. मी प्रत्येक वेळी सांगायचे, कारण चूक दिसली की सांगायची हेच तू शिकवलंस आणि तेच माझं काम झालं. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं आणि तू शेजारच्या खुर्चीवर मटार सोलत बसली होतीस. मी म्हटलं, "आई, लक्ष कुठे आहे?" तू पातेलं उचलून घासायला घेतलंस. मग त्या दिवशी मी ताटात वाढलेलं बाजूला सारलं, आणि तू म्हणालीस, "माझ्या हातचं तुला नकोसं झालंय, तर जाते मी, ज्याला हवं त्याच्याकडे." मी समजत होते की आपलं भांडण मिठावरून झालं. तू समजत होतीस की तुझ्यावरून झालं.

म्हणून आता सरळ विचारते. ताप येऊन गेल्यापासून तुला चव कळत नाही का?

ह्याचं उत्तर दिल्याशिवाय भिंगरीला तुझ्या हाताने काही वेगळं भरवू नकोस. रागावलीस तर रागाव. मी रागाला आता घाबरत नाही, कारण ह्या वेळी माझं वाचन बरोबर आहे.

बारकी


गुरुवार, ८ मे

आई,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे माझंच पत्र. संपूर्ण पत्रात एकच खूण आहे. 'तुला चव कळत नाही का?' ह्यातलं 'का' तू खोडलंस, आणि प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम दिलास.

इतकी नेमकी दुरुस्ती मी आजवर पाहिलेली नाही. मी ते पान छापखान्यात नेलं नाही, कुणाला दाखवलं नाही. माझ्याकडेच आहे.

आणि मागच्या बाजूला तू लिहिलेल्या ओळी. 'वासही जात नाही नाकात. भिंगरीला काही दिलं नाही. तुझ्या दादाला सांगू नकोस. त्यांना कळलं तर मला ओट्यापाशी उभं करणार नाहीत. मग मी ह्या घरात कशाला?'

हे वाचून मला रडू आलं, ते आवरलं आणि मग कामाला लागले. काय काय केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुझ्या पाठीमागे काही घडलं असं तुला वाटायला नको.

पहिलं, मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुझं नाव सांगितलं नाही, 'माझ्या घरातलं एक माणूस' म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "घरातल्या माणसाला घेऊन या, निरोप तपासता येत नाही." तापानंतर असं होतं, त्या म्हणाल्या. काहींचं परत येतं, काहींचं अर्धंमुर्धं येतं. रोज ठरावीक वास हुंगायचा सराव करून घेतात. त्या खात्री देत नाहीत, म्हणून मीही देत नाही. पण तू वर्ष काढलंस आणि कुणालाच विचारलं नाहीस, हे मात्र मला पटलेलं नाही. मला शिंक आली तरी तू दवाखान्यात नेऊन बसवायचीस.

दुसरं, गॅस. 'वासही जात नाही' हे वाचल्यावर मी पुढची ओळ उशिरा वाचली. दुपारी तुम्ही दोघीच घरात असता. बाजारात गॅसची गळती झाली की वाजणारं यंत्र मिळतं. ते मी आधी माझ्या ओट्याखाली बसवून घेतलं आणि मग दादाला फोन केला, म्हणजे 'मी बसवलंय, तूही बसव' ह्या वाक्यात खोटं काही राहिलं नाही. तो म्हणाला, "तुला काय एकदम सुचलं?" मी म्हटलं, "बसव रे, विचारू नकोस." त्याने त्याच संध्याकाळी बसवलं. तू बघितलंच असशील. ते टीं टीं करेल तेव्हा भिंगरीला घेऊन बाहेर पडायचं, खिडक्या उघडत बसायचं नाही.

आता तिसरं. तू म्हणतेस, सांगू नकोस. आई, हे मी पाळणार नाही. यंत्र गॅसचं वाजतं, नासलेल्या दुधाचं वाजत नाही. दादा पोट धरून बसतो आणि बाहेरचं खाल्लं म्हणतो, वहिनी जिन्यात जाऊन फोन करते, भिंगरी बरोबर असून रडते, आणि तू उलटीला पित्त म्हणतेस. एवढी तीन मोठी माणसं एका भाजीसाठी खोटं बोलताहेत, तेही एकमेकांवरच्या मायेपोटी. हे असं किती दिवस चालेल?

आणि ओट्याचं म्हणशील तर तू चुकतेस. मी हे धीर द्यायला म्हणत नाही, हिशेब करून म्हणते. भाजी खुडायची कधी, कुठलं पान जून झालं, कुठली शेंग आज काढायची आणि कुठली उद्या, पीठ किती भिजवायचं, आच कधी कमी करायची, हे तुझ्या हाताला आणि डोळ्याला कळतं. त्यातलं काही गेलेलं नाही. मीठ चमच्याने मोजता येतं. मी गेले आठ दिवस तेच करून पाहिलं, जीभ न लावता, चमच्याने. पहिल्या दिवशी खारट झालं, मग जमलं. शिंपीणबाईंना वाढलं, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्या शिलाई मागून घेतात, भाजी सहसा मागत नाहीत.

चाखायला माणूस लागेल. ते तुमच्या घरात आहे. सगळ्यांच्या आधी जिला कळलं, आणि कळल्यावर जिने सांगितलं. पातेलं उतरवायच्या आधी भिंगरीला स्टुलावर उभी कर आणि चमचा तिच्यापुढे धर. ती 'बरोबर' म्हणाली की वाढायचं. तिला ती जागा द्यायला तुझ्याखेरीज कुणी नाही, आणि त्या दिवशीचं रागावणं भरून निघायला दुसरी वाट मला दिसत नाही. मला तू अशीच काम देऊन देऊन मोठी केलीस.

वहिनी ओटा तुझ्याकडून काढून घेईल असं तुला वाटतं. ती स्वतःला त्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणते, हे मी सहा एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं. तू तिथे खूण केली नाहीस, म्हणजे नजरेतून सुटलं असावं. ती काही ओट्याची वाट बघत बसलेली नाही. तिला फक्त जिन्यात जाऊन बोलायचा कंटाळा आलाय.

तर मी येते आहे. मालकांकडून पुढच्या आठवड्यातला शनिवार मागून घेतला. ते म्हणाले, "पाठ्यपुस्तक अडेल." मी म्हटलं, अडू दे, त्यात चुका कमी आहेत. पहिल्या बसने निघते, अकराच्या सुमाराला पोचेन. सोबत पालक आणि टोमॅटो आणते आहे. दुपारचा स्वयंपाक तूच करायचा. मी मध्ये येणार नाही, मिठाला हात लावणार नाही. बाल्कनीतला वेल आपण दोघी मिळून काढू, फळांसकट, आणि एकही बी ठेवायची नाही. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलेली आहे. रविवारी तू माझ्याबरोबर इकडे यायचंस. किती दिवस राहायचं ते तू ठरव.

पण त्याआधी, ताटं मांडल्यावर आणि कुणी पहिला घास घेण्याआधी, तू दादाला आणि वहिनीला सांगायचंस. तुझ्या तोंडून, तुझ्या शब्दांत, हवं तर एकाच वाक्यात. मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. तुझ्याच्याने बोलवलं नाही तर मी सांगेन, त्याच ताटावर, शनिवारी, सतरा मे रोजी.

बारकी